जीवनकौशल्यांचा तास मिळालाय, पण त्यात करू काय?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी हायस्कूलला गणित शिकवते. यंदा वेळापत्रकात ‘जीवनकौशल्ये’ असा एक नवा तास आला आणि ज्यांचे तास कमी भरत होते त्यांच्यात माझं नाव निघालं. म्हणजे आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं, चाळीसेक मुलं, वय चौदा-पंधरा. परीक्षा नाही, ठरलेलं पुस्तक नाही. ऐकायला चैन वाटते, पण वर्गात उभं राहिल्यावर कळतं.

हातात एक पुस्तिका दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात शाळांसाठी जी दहा मूलभूत जीवनकौशल्यं सांगितली होती, त्यांची यादी तीत आहे: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, माणसांशी नाती जोडणं, स्वतःची जाण, समानुभूती, भावना हाताळणं, ताण हाताळणं. यादीशी माझं काही भांडण नाही. पण मी फळ्यावर ‘समानुभूती’ लिहिलं की मुलं व्याख्या उतरवून घेतात, खाली पट्टीने रेघ मारतात आणि पुढच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘मॅडम, हे पाठ करायचंय का?’ मागच्या बाकांवर तोवर विज्ञानाच्या वह्या पूर्ण होत असतात.

तर इथल्या नोकरी करणाऱ्या, नोकरी देणाऱ्या आणि नुकत्याच घराबाहेर पडलेल्या मंडळींना विचारते. अठराव्या वर्षी मुलाला नेमकं काय करता यायला हवं? आणि त्यातलं चाळीस मिनिटांत, चाळीस जणांना, खरोखर शिकवता येईल असं काय आहे? कृपया ‘बाहेरून वक्ते बोलवा’ असं सुचवू नका. एक येऊन गेले. मोठी स्वप्नं पाहा म्हणाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, तास संपला.

रिकामटेकडा

मॅडम, रागावू नका, पण ही कामं घरची आहेत. शाळेने भाषा-गणित-विज्ञान नीट शिकवलं तरी पुष्कळ झालं. जो तो उठतो आणि शाळेच्या गळ्यात काहीतरी मारतो.

आणि हे शिकवून फरक पडतो याला आधार काय? पैशाच्या शिक्षणाचंच घ्या. फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांनी 2014 साली ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये 201 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. लोक पैशाच्या बाबतीत कसे वागतात यातल्या फरकापैकी जेमतेम 0.1 टक्के फरक आर्थिक शिक्षणाशी जोडता आला. शिवाय जसा काळ जातो तसं शिकलेलं विरतं. तुमच्या चाळीस मिनिटांचं काय घेऊन बसलात?

जुनी_फाईल

खडूफळा ताई, सविस्तर लिहितो, सवडीने वाचा. माझी सगळी नोकरी भरती आणि नव्याने लागलेल्या मुलांचं प्रशिक्षण यात गेली. निवृत्तीनंतर एका शाळेत तुमच्यासारखाच तास घेतो. त्यामुळे दोन्ही टोकं पाहिली आहेत असं म्हणायला हरकत नाही.

आधी एक सांगतो. नव्या मुलांबद्दल विभागप्रमुखांच्या ज्या तक्रारी माझ्याकडे यायच्या, त्यांत ‘याला काम येत नाही’ ही फार थोडी. काम येत नसेल तर शिकवता येतं, त्यासाठीच प्रशिक्षण असतं. तक्रार असायची ती अशी: ‘अहो, शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतःहून विचारलं तेव्हा हा सांगतो की सोमवारपासून त्याच्याकडे ती फाइल उघडतच नाहीये.’ चार दिवस पोरगा स्क्रीनकडे बघत बसला होता. आळशी नव्हता, हुशार होता. अडलंय हे सांगायचं असतं आणि सांगितलं तर आपण मठ्ठ ठरत नाही, हे त्याला कुणी कधी करून बघू दिलं नव्हतं. शाळेत ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर असतं, नाही का?

म्हणून तुमच्या दहाच्या यादीतून मी एकच धागा उचलेन: अनोळखी माणसाशी कामापुरतं बोलणं आणि वेळेत कळवणं. बाकीचं त्याच्या मागून येतं. शाळेत मुलाचं सगळं बोलणं-लिहिणं आपल्यासाठी असतं आणि आपण त्याला ओळखत असतो. अर्धं वाक्य बोलला तरी पुढचं आपण मनात पुरं करतो. बाहेरचा माणूस करत नाही. तेव्हा तुमच्या तासाला कुणीतरी तिऱ्हाईत हवा, खरा नाहीतर सोंग घेतलेला, जो न समजल्यावर सरळ ‘काय?’ म्हणेल.

मी सुरुवात फोनपासून करतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. समोरासमोर बसवलं की मुलं हातवाऱ्यांनी निभावून नेतात. एका खुर्चीत दवाखान्यातला स्वागतकक्षाचा माणूस, त्याच्या हातात मी लिहिलेलं कार्ड. दुसऱ्या खुर्चीत मूल. त्याचं काम इतकंच की उद्याची वेळ बदलून घ्यायची. पहिला प्रयत्न बहुधा असा होतो:

‘हॅलो.’
‘बोला.’
‘ते… उद्याचं होतं ना माझं.’
‘काय होतं?’
‘अपॉइंटमेंट.’
‘नाव?’
‘माझंच.’

वर्ग हसतो, हसू द्यावं. मग फळ्यावर चार गोष्टी येतात आणि त्या मुलंच सांगतात: मी कोण, कशासाठी फोन केलाय, मला काय हवंय, आणि ठेवण्याआधी ठरलेलं पुन्हा एकदा म्हणून दाखवायचं. या चौथ्या गोष्टीत खरी मजा आहे. स्वागतकक्षाच्या कार्डावर मी मुद्दाम घोळ घालून ठेवतो. ‘गुरुवारी सतरा तारखेला या,’ असं तो म्हणतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात सतराला बुधवार असतो. जो उलट विचारतो, ‘गुरुवार की सतरा तारीख?’ तो जिंकला. पुढच्या तासाला सगळ्यांचे डोळे आधी कॅलेंडरकडे जातात, मग मी वार बरोबर ठेवतो आणि वेळेत घोळ घालतो. सकाळी साडेआठ की रात्री साडेआठ हे बोलत नाही. कधी नुसतंच ‘जरा थांबा हं’ म्हणून गप्प राहायला सांगतो. अर्धी मुलं त्या शांततेत फोन ठेवून देतात.

चाळीस जणांचं गणित तुम्ही सोडवालच, पण माझी पद्धत सांगतो. तिघातिघांचे गट. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता लिहून घेणारा. लिहिणाऱ्याने मत द्यायचं नाही, फक्त काय बोललं गेलं ते टिपायचं. दर काही मिनिटांनी भूमिका बदलायच्या. गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातल्या बाईंना आधी सांगून ठेवा.

सरावानंतर खरा फोन. शाळेच्याच कार्यालयात, आधी कल्पना देऊन. ‘दाखल्याची दुसरी प्रत हवी असेल तर काय लागतं?’ एवढंच विचारायचं आणि मिळालेली माहिती वर्गात येऊन सांगायची. कार्यालयातल्या माणसांना एकच विनंती करा: मुलं आहेत म्हणून गोड बोलू नका, रोज बोलता तसंच बोला.

दुसरं, कळवणं. चार-चार जणांना पंधरा दिवसांचं एखादं काम द्या आणि त्यात एक वस्तू अशी ठेवा जी वेळेवर मिळणारच नाही. माझ्याकडे ती वस्तू म्हणजे एक सामायिक फाइल, जिचा पासवर्ड मी मुद्दाम चुकीचा देतो. काम पुरं झालं की नाही याला मी अर्धेच गुण ठेवतो. उरलेले अर्धे, अडचण कोणत्या दिवशी कळवली याला. तिसऱ्या दिवशी कळवलं तर पूर्ण, आदल्या दिवशी कळवलं तर शून्य. निरोप कसा लिहायचा तेही ठरलेलं: काय झालंय, आतापर्यंत काय करून पाहिलं, काय हवंय, कधीपर्यंत हवंय. चार ओळी. ‘सर प्रॉब्लेम झालाय प्लीज बघा ना’ याला मी एकाच शब्दात उत्तर देतो: ‘कोणता?’

याला जोडूनच वेळेचा अंदाज. इथे तुम्ही गणिताच्या आहात म्हणून तुम्हाला जास्त गंमत येईल. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा 1994 चा एक अभ्यास आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर 33.9 दिवस. प्रत्यक्षात लागले 55.5. आणि ‘सगळं वाकडंच गेलं तर?’ असं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितले होते 48.6. म्हणजे डोळ्यांपुढे वाईटात वाईट आणूनही अंदाज कमीच पडला. भिंतीवर एक तक्ता लावा. प्रत्येक कामासमोर ‘अंदाज’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने. काही आठवड्यांनी प्रत्येकाला स्वतःचं गुणोत्तर काढायला सांगा. कुणाचं दीड येतं, कुणाचं तीन. पुढच्या वेळी मनात आलेल्या आकड्याला त्याने गुणायचं. मुलांना हे फार आवडतं, कारण यात कुणी कुणाला बोलत नाही, आकडा ज्याचा त्याचा असतो.

तिसरं, सही. पानभर बारीक टायपातला ‘उपक्रमातील सहभागाचा करार’ वाटतो. सातव्या कलमात लिहिलेलं असतं की सही करणारा पुढचा महिनाभर मधल्या सुट्टीत सगळ्या बाकांवरची शाई पुसेल. सह्या पटापट होतात. मग मी सातवं कलम मोठ्याने वाचायला लावतो. ही युक्ती प्रत्येक शाळेत एका वर्षी एकाच तुकडीवर चालते हे लक्षात ठेवा, मधल्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या तुकडीला खबर गेलेली असते.

बायोडेटा लिहायला शिकवणं, मुलाखतीत हात कसा मिळवायचा, कपडे कोणते घालायचे, हे मी या वयात टाळतो. चौदाव्या वर्षी बायोडेटात लिहायला काही नसतं, मग मुलं ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ असलं काहीतरी लिहितात आणि ती सवय तिशीपर्यंत जात नाही. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: ‘तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पाडलेलं एक काम सांग, आणि मधे कुठे अडलास ते सांग.’ मी मुलाखती घ्यायचो तेव्हा या एका प्रश्नावर निम्मा निकाल लागायचा.

रिकामटेकडा, तुमचा अभ्यास बरोबर आहे, पण तिथेच थांबू नका. त्याच लेखकांचं पुढचं म्हणणं असं की शिक्षण गरजेच्या वेळेला धरून दिलं पाहिजे, फार आधी दिलेलं टिकत नाही. आणि 2022 मध्ये कायझर, लुसार्डी, मेंखॉफ आणि अर्बन यांनी फक्त यादृच्छिक प्रयोग (कुणाला शिकवायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेले) निवडून, असे 76 प्रयोग, पुन्हा आढावा घेतला. तिथे ज्ञानावर आणि वागण्यावरही चांगला परिणाम दिसला. तेव्हा ‘शिकवून काही होत नाही’ असा एक घाव दोन तुकडे निकाल देता येत नाही. निवृत्तिवेतनाची योजना नववीला शिकवली तर ती वाहून जाणारच. पण फोनवर बोलणं मूल त्याच संध्याकाळी वापरू शकतं.

आणि घरचं काम म्हणाल तर ज्या घरात ही कामं शिकवली जातात त्या मुलांची मला काळजी नाही.

रिकामटेकडा

शेवटच्या ओळीला उत्तर नाही माझ्याकडे. बाकी 2022 चा लेख पाहतो.

पहिलाच_पगार

जुनी_फाईल काका, वाचनखूण साठवली. मी सध्या पहिल्या नोकरीत आहे, म्हणजे तुमच्या ‘फाइल उघडत नाही’वाल्या जमातीतला.

मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी, आठवतील तशा. नेमणूकपत्रातला आकडा आणि खात्यात पडणारा आकडा एक नसतो. मी पहिल्या महिन्यात पगारपत्रक उघडून बसलो आणि कपातीच्या रकान्यातलं एकही नाव ओळखता येईना. कर, निवृत्तिनिधी, विमा अशी दोन-तीनच नावं असतात, पण आधी कधी पाहिलेली नसतात. एक नमुना पगारपत्रक वर्गात वाटा आणि ‘हातात किती येईल’ एवढंच काढायला सांगा. नेमणूकपत्रात राजीनाम्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची हे लिहिलेलं असतं, ते कुठे शोधायचं तेही दाखवा.

दुसरं, फसवणूक. नोकरी शोधत असताना एक मेल आला: निवड झाली आहे, साहित्यासाठी अनामत भरा, आज संध्याकाळपर्यंत. माझा हात जवळजवळ गेलाच होता, मित्राने हटकलं. नंतर लक्षात आलं की असल्या प्रत्येक मेलमध्ये तीन गोष्टी असतातच: घाई, आनंद किंवा भीती, आणि पैसे नाहीतर ओटीपी. वर्गात खऱ्या-खोट्या निरोपांचे नमुने मिसळून द्या आणि मुलांना वेगळे करायला सांगा. पण नियम एकच पक्का करा: आलेल्या निरोपातल्या क्रमांकावर किंवा लिंकवर जायचं नाही, संस्थेचा क्रमांक आपण स्वतः शोधून तिथे विचारायचं. बनावट मेल आता इतक्या शुद्ध भाषेत येतात की ‘स्पेलिंग चुकलंय का बघा’ हा जुना सल्ला पुरत नाही.

अवांतर: कपड्यांच्या आतल्या चिठ्ठीवरच्या खुणांचा अर्थ. हसू नका. माझे दोन लोकरीचे स्वेटर आता माझ्या पुतणीला बसतात.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. पैसे, फोन सगळं ठीक, एक तास माझ्या विषयालाही द्या.

भाजलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली, वीस मिनिटं. घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. वर्गात नळाखाली हात धरून वीस मिनिटं उभं राहायला सांगा, म्हणजे ती किती लांब असतात ते कळेल. लोक दोन मिनिटांत हात काढतात आणि म्हणतात पाणी लावलं.

ताप-सर्दीच्या गोळ्यांच्या पट्टीमागचा मजकूर वाचायला शिकवा. पॅरासिटामॉल हे तापाच्या गोळीत असतं आणि सर्दीच्या बऱ्याच मिश्र औषधांतही असतं. मूल एकटं राहायला लागतं, तापाची गोळी घेतं, वर सर्दीचं औषध घेतं आणि एकच औषध दुप्पट पोटात जातं. मोठ्या माणसालाही चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर चालत नाही, यकृताला इजा होते. दोन रिकामी खोकी घेऊन या आणि ‘दोन्हीत सारखं काय आहे’ एवढा एकच प्रश्न विचारा.

छातीदाबाचं (सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचं) मूलभूत प्रशिक्षण मात्र प्रशिक्षित माणसाकडून, पुतळ्यावरच घ्या. मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटीमीटर खोल. ऐकून ते येत नाही, मनगटं भरून आल्यावरच कळतं. यासाठी मात्र बाहेरचा माणूस बोलवायला हवा ताई, तुमच्या अटीला एवढा अपवाद करा.

खडूफळा

अपवाद मंजूर! सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

वेळेच्या अंदाजाचा तक्ता मी उद्याच लावते. गुणोत्तर हा धडा नाहीतरी कोरडाच जातो. पैशाबद्दल मात्र अजून अडतेय. चक्रवाढ व्याज आमच्या पुस्तकात आहेच, सूत्र मुलांना पाठ आहे, गणितंही सुटतात. पण त्याचा त्यांच्या आयुष्याशी काही संबंध आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

जुनी_फाईल

कारण पुस्तकातलं चक्रवाढ नेहमी ठेवीचं असतं. मुलाकडे ठेव नसते. त्याला कर्जाकडून न्या, तेही क्रेडिट कार्डाच्या.

हे गणित द्या. कार्डावर 10,000 थकले. व्याज महिन्याला 3 टक्के. कंपनी म्हणते किमान 5 टक्के भरा, बाकी पुढे चालू द्या. नवी खरेदी एकही नाही. दोन वर्षं मुलगा इमानदारीने दर महिन्याला किमान रक्कम भरतो. किती उरलं? आधी हात वर करून अंदाज घ्या. बहुतेक जण म्हणतात फिटलं असेल, कुणी हजार-दीड हजार म्हणतं.

मग आकडेमोड. दर महिन्याला थकबाकी आधी 1.03 पट होते, मग तिच्यातले 95 टक्के उरतात, म्हणजे 0.9785 ने गुणायचं. चोवीस वेळा. उत्तर येतं साधारण 5,935. आणि तोवर भरलेले किती? जवळपास 9,735. म्हणजे घेतलं होतं जवळजवळ तितकं भरूनही निम्म्याहून जास्त डोक्यावर आहेच. हे उत्तर फळ्यावर आलं की कुणीतरी ‘सर, चुकलंय’ म्हणतं. म्हणू द्या, पुन्हा करू द्या. गणकयंत्रावर ‘=’ चं बटण चोवीस वेळा दाबताना आकडा किती सावकाश उतरतो ते त्यांना बघू द्या. नुसत्या 1.03 ने बारा वेळा गुणलं की 3 टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला 36 नव्हे तर 42.6, हेही आपोआप निघतं.

वाटल्यास सुरुवातीला लुसार्डी आणि मिचेल या अर्थतज्ज्ञांचे पैशाची समज तपासणारे तीन प्रश्न घाला. जगभर वापरतात. वर्षाला 2 टक्क्यांनी 100 ठेवले तर पाच वर्षांनी 102 पेक्षा जास्त होतील, बरोबर तितके की कमी? व्याज 1 टक्का आणि महागाई 2 टक्के असेल तर वर्षाने तेवढ्याच पैशात जास्त घेता येईल की कमी? एकाच कंपनीचे समभाग घेणं हे अनेक कंपन्यांत पैसे विभागण्यापेक्षा सुरक्षित असतं का? 2004 मध्ये अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या लोकांना विचारले तेव्हा तिन्ही बरोबर सांगणारे सुमारे एक तृतीयांश होते. मुलांना हे सांगून मग प्रश्न द्या, मोठ्यांना हरवायची संधी ती सोडत नाहीत.

खडूफळा

करून दाखवलं, आत्ताच स्वतः. मीही मनात 3,000 धरले होते.

एक शेवटचं. फोनचा सराव सुरू करायचाय, पण माझ्या वर्गात एक मुलगी बोलताना अडखळते. वर्गात वाचायला उठवलं तर रडवेली होते. बाकीच्यांना तीन मिनिटं आणि तिला सूट, असं केलं तर तेही सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल. काय करू?

जुनी_फाईल

तिला आधी एकटीला गाठून विचारा. तुम्हाला काय वाटतं यापेक्षा तिला काय हवंय ते महत्त्वाचं. कदाचित तिला करायचंच असेल, फक्त चाळीस जणांपुढे नको असेल. मुलांना कागद हातात धरायची मुभा सगळ्यांनाच द्या, म्हणजे तिची वेगळी सोय दिसणार नाही. मोठी माणसंसुद्धा फोनआधी मुद्दे लिहून घेतात.

स्वागतकक्षाच्या कार्डावर सगळ्यांसाठी एक ओळ वाढवा: समोरचा बोलायचा थांबला तर त्याचं वाक्य पुरं करायचं नाही, वाट बघायची. तिच्यासारख्यांच्या बाबतीत लोक हीच चूक करतात, मदत म्हणून शब्द तोंडात घालतात. आणि तीन मिनिटांचं बंधन काढून टाका. खऱ्या फोनला कुठे असतं?

तिच्या गटात तिसरा, लिहून घेणारा, कोण असेल ते मात्र तुम्ही ठरवा. चिठ्ठ्या टाकू नका.

रात्रपाळी

+1. आणि तिने स्वागतकक्ष आधी घेतला तर तेही चालेल. तिथे ‘बोला’ आणि ‘नाव?’ एवढंच म्हणायचं असतं.

खडूफळा

विचारलं आज तिला. स्वागतकक्ष हवाय म्हणाली, आणि कार्डावरचा घोळ मी ठरवणार म्हणाली. तारखेचा नको, पत्त्याचा घालू या, असं तिचं म्हणणं आहे.